मेडिक्लेमच्या खाटेत न मावणारा आजार

आरोग्य विम्याचा प्रपोजल फॉर्म भरून घेणाऱ्या एजंटचा सूर बहुतेक वेळा एका ठिकाणी बदलतो. बीपी आहे का, शुगर आहे का, कधी ऑपरेशन झालं आहे का, हे प्रश्न तो मोठ्याने वाचतो आणि उत्तराची वाट पाहतो. मानसिक आजाराचा रकाना आला की वाचता वाचताच त्याचं पेन ‘नाही’वर टेकतं. समोर बसलेल्या कुटुंबाचीही हरकत नसते. थोरल्या मुलाच्या गोळ्या दोन वर्षांपासून चालू असतात, पण त्या कशाच्या हे सख्ख्या काकांनाही ठाऊक नसतं. मग विमा कंपनीला कशाला सांगायचं? शिवाय ‘हो’ लिहिलं तर पॉलिसी मिळायचीच नाही, असं एजंट खालच्या आवाजात सांगतो. त्याचं हे म्हणणं अगदीच खोटं नसतं.

हे ‘नाही’ काही वर्षं निमूट पडून राहतं. मग कधीतरी गोळ्या बंद होतात, आजार उलटतो आणि मुलाला खासगी मनोरुग्णालयात भरती करावं लागतं. बिलासोबत केसपेपर जातात. पहिल्याच पानावर निवासी डॉक्टरने प्रामाणिकपणे लिहिलेलं असतं : पाच वर्षांपासून त्रास, पूर्वी अमुक औषधं घेतली. कंपनीला तेवढी ओळ पुरते. माहिती दडवली म्हणून दावा फेटाळला जातो. पॉलिसी रद्द करण्याची नोटीसही येऊ शकते. विमा हा परम विश्वासाचा करार मानला जातो आणि अपुरी माहिती देऊन तो मोडणारा पहिला पक्ष इथे ग्राहकच ठरतो.

या कोंडीतून सुटण्याचे दोन मार्ग नियमांतच आहेत, पण फॉर्म भरताना ते कुणी सांगत नाही. पहिला मार्ग ‘आधीपासून असलेला आजार’ या व्याख्येचा. २०२४ च्या नियमांप्रमाणे पॉलिसी सुरू होण्यापूर्वीच्या ३६ महिन्यांत ज्याचं निदान झालं किंवा ज्यावर उपचार घेतले वा सुचवले गेले, तोच आजार या व्याख्येत येतो. सहा वर्षांपूर्वी नैराश्याचा एक झटका आला, वर्षभर औषधं घेतली आणि नंतर काहीच झालं नाही, अशा माणसाचा आजार या व्याख्येबाहेर राहतो. फॉर्ममध्ये ‘कधीही झाला होता का’ असं विचारलं असेल तर खरं उत्तर द्यायलाच हवं, पण त्या उत्तरामुळे प्रतीक्षाकाळ आपोआप लागत नाही. दुसरा मार्ग मुदतीचा. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दडवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. आधीपासूनच्या आजाराचा प्रतीक्षाकाळही ४८ महिन्यांवरून जास्तीत जास्त ३६ महिन्यांवर आला. याचा अर्थ असा की खरं लिहून तीन वर्षं थांबणारा माणूस, खोटं लिहून पाच वर्षं देव पाण्यात ठेवून बसणाऱ्यापेक्षा लवकर सुरक्षित होतो. अर्थात खरं लिहिल्यावर कंपनीने पॉलिसी दिली तर.

मुळात या रकान्याची एवढी भीती का बसली, ते समजायला थोडं मागे जावं लागतं. १९८६ मध्ये जनरल इन्शुरन्स कॉर्पोरेशनच्या चार कंपन्यांनी, म्हणजे न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया यांनी, ‘मेडिक्लेम’ नावाची पॉलिसी बाजारात आणली. ते नाव इतकं रुळलं की मराठी घरांत आजही आरोग्य विमा कुठल्याही कंपनीचा असो, त्याला मेडिक्लेमच म्हणतात. या पॉलिसीला ‘काय मिळणार नाही’ याची एक यादी होती. सर्वसाधारण अशक्तपणा, विश्रांतीसाठीची भरती, वंध्यत्व, गुप्तरोग, स्वतःला जाणूनबुजून केलेली इजा, दारू किंवा मादक पदार्थांचं सेवन. नंतरच्या काळात अनेक पॉलिसींमध्ये या रांगेत ‘सर्व मनोविकार आणि मनोकायिक विकार’ असे शब्द आले. यादी वाचताना एक गोष्ट लक्षात येते : खर्चाच्या हिशेबासोबत तीत एक नैतिक निवाडाही होता. ज्याबद्दल समाज दबक्या आवाजात बोलतो, ते सगळं एकाच परिच्छेदात कोंबलेलं होतं.

ही यादी मोडली ती विमा क्षेत्राच्या पुढाकाराने नव्हे. अपंगत्व असलेल्या व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार डिसेंबर २००६ मध्ये मंजूर झाला आणि १ ऑक्टोबर २००७ रोजी भारताने त्याला मान्यता दिली. त्याच्या पंचविसाव्या कलमात आरोग्य आणि आयुर्विमा देताना भेदभाव करू नये, असं स्पष्ट म्हटलेलं आहे. करार स्वीकारला म्हणजे देशातले कायदे त्याच्याशी जुळवणं आलं. १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा भरती, डांबून ठेवणं आणि सुटका यांभोवती फिरणारा. तो बदलणं भाग होतं. नव्या कायद्याच्या मसुद्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. सौमित्र पाठारे यांनी आरोग्य मंत्रालयाला त्यासाठी तांत्रिक साहाय्य केलं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये मंजूर झाला आणि २९ मे २०१८ पासून अमलात आला.

या कायद्याचं कलम २१ समतेबद्दल आहे. त्याचं चौथं उपकलम एका वाक्याचं. आशय असा की शारीरिक आजारांच्या उपचारांसाठी वैद्यकीय विमा ज्या पायावर मिळतो, त्याच पायावर मानसिक आजाराच्या उपचारांसाठीही प्रत्येक विमा कंपनीने तरतूद करावी. अपवाद नाही, ‘शक्य असल्यास’ नाही, रकमेची मर्यादा नाही. भारतीय कायद्यांत इतकं निःसंदिग्ध वाक्य क्वचित सापडतं.

विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, १६ ऑगस्ट २०१८ रोजी परिपत्रक काढून कंपन्यांना तत्काळ अंमलबजावणी करायला सांगितलं. कंपन्यांनी ते फाइलला लावलं असावं. जून २०२० मध्ये एका जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाला केंद्र सरकार आणि आयआरडीएआय यांना नोटीस काढावी लागली. दरम्यान सप्टेंबर २०१९ मध्ये नियामकाने पॉलिसीतल्या वगळणुकींचं प्रमाणीकरण केलं आणि मानसिक आजार वगळता येणार नाही हे पुन्हा सांगितलं. मात्र जुन्या पॉलिसी सुधारायला १ ऑक्टोबर २०२० पर्यंतची मुदत दिली. पुढे १८ ऑक्टोबर २०२२ ला आणखी एक परिपत्रक आलं : सर्व विमा उत्पादनं ३१ ऑक्टोबरपूर्वी या कायद्याशी सुसंगत करा. अमलात येऊन चार वर्षं उलटलेल्या कायद्यासाठी तेरा दिवसांची मुदत द्यावी लागते, यावरून मधल्या काळात काय घडलं असेल याचा अंदाज येतो.

या काळातलं एक प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. स्किझोअफेक्टिव्ह डिसऑर्डर असलेल्या एका महिलेने २०२० मध्ये रुग्णालयात उपचार घेतले. त्यांची पॉलिसी नॅशनल इन्शुरन्स या सरकारी कंपनीची होती. पॉलिसीत मनोविकार वगळलेले आहेत, असं सांगून कंपनीने दावा नाकारला. न्यायालयात कंपनीचा युक्तिवाद असा की नियामकाने जुनी उत्पादनं बदलायला ऑक्टोबर २०२० पर्यंतची सवलत दिली होती, तोवर जुनं कलम लागू. न्या. प्रतिभा सिंह यांनी १९ एप्रिल २०२१ च्या निकालात हे मान्य केलं नाही. संसदेचा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे, त्या दिवसापासून मानसिक आणि शारीरिक आजारात भेद करता येत नाही आणि नियामकाच्या परिपत्रकाने ती तारीख पुढे ढकलली जात नाही, असा निकालाचा रोख होता. दाव्याची रक्कम आणि खटल्याचा खर्च देण्याचा आदेश झाला.

त्याच सुमारास त्याच न्यायालयात आलेलं दुसरं प्रकरण अधिक बोलकं आहे, कारण तिथे मानसिक आजार वगळलेला नव्हता. अर्जदाराने एका खासगी कंपनीकडून ३५ लाख रुपयांची पॉलिसी घेतली होती. दावा करायची वेळ आली तेव्हा कळलं की मनोविकारांसाठी मर्यादा ५० हजार रुपयांची आहे. हृदयाला ३५ लाख आणि मेंदूला ५० हजार, ही कोणत्या पायावरची समानता?

उपमर्यादेची ही युक्ती तशी सोपी. नाकारायचं नाही, आकसायचं. काही पॉलिसींमध्ये आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाचे कोड देऊन मोजकेच आजार घेतलेले असतात : एफ २० स्किझोफ्रेनिया, एफ ३१ द्विध्रुवी विकार, एफ ३२ नैराश्याचा झटका. यादीत जे नाही त्याबद्दल पॉलिसी गप्प असते. माहितीपुस्तिकेच्या पहिल्या पानावर ‘मानसिक आजारही समाविष्ट’ असं ठळक छापलेलं असतं आणि कोडांची यादी पंधराव्या-सोळाव्या पानावर.

तरीही वगळणूक, उपमर्यादा हा या विषयाचा वरचा थर झाला. खरी अडचण खालच्या थरात आहे. आरोग्य विम्याचं सगळं घर रुग्णालयातल्या खाटेभोवती बांधलेलं आहे. चोवीस तासांची भरती, ऑपरेशन, डिस्चार्ज, बिल. अपेंडिक्सला हे घर अगदी मापाचं होतं. मानसिक आजाराला कायद्याने या घरात प्रवेश दिला, पण तो आजार बहुतांश काळ खाटेवर नसतोच. तो असतो महिन्याच्या पहिल्या शनिवारी ओपीडीच्या बाकावर, केमिस्टच्या बिलात, समुपदेशकाच्या पाऊण तासात आणि घरातल्या बंद खोलीत. स्किझोफ्रेनियाचा रुग्ण वीस वर्षांत दोन-तीनदा भरती होत असेल. उरलेल्या वेळेचा खर्च कुटुंब खिशातून करतं. बंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (महाराष्ट्र त्यात नव्हता) हा खर्च महिना एक ते दीड हजार रुपये असल्याचं दिसलं, मुख्यतः औषधं आणि प्रवासाचा. आकडा छोटा वाटतो. पण तो दरमहा, वर्षानुवर्षं, आणि बरेचदा अशा घरात जिथे कमावणारा माणूसच आजारी आहे किंवा आजाऱ्याजवळ थांबायचं म्हणून कुणीतरी नोकरी सोडली आहे. त्याच सर्वेक्षणानुसार प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मनोविकार होता आणि वेगवेगळ्या विकारांत उपचारांपासून दूर असलेल्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्क्यांपर्यंत होतं.

ओपीडीचा खर्च देणाऱ्या पॉलिसी आता मिळतात, पण बहुधा वेगळं कलम आणि वेगळा हप्ता घेऊन, वार्षिक मर्यादा घालून. मूळ पॉलिसीत ओपीडी नसेल तर मधुमेहाच्या ओपीडीलाही पैसे मिळत नाहीत. त्यामुळे कंपनी म्हणू शकते की आम्ही समानच वागवतो. कायद्याच्या अक्षराला धरून हे उत्तर चूक ठरवणं कठीण आहे. कलम २१(४) ने समान पाया दिला, पण पायाच भरतीचा असेल तर भरतीबाहेरच्या आजाराला त्यातून फारसं काही मिळत नाही.

रुग्णालयाची व्याख्याच पाहा. विमा नियमांनुसार रुग्णालय म्हणजे संबंधित कायद्याखाली नोंदणी झालेली संस्था, नाहीतर किमान निकष पूर्ण करणारी : दहा लाखांहून कमी वस्तीच्या गावात किमान १० खाटा, इतरत्र १५, चोवीस तास प्रशिक्षित परिचारिका आणि डॉक्टर, रोजच्या नोंदी, आणि जिथे शस्त्रक्रिया होतात तिथे सुसज्ज शस्त्रक्रियागृह. मनोविकारांची खासगी नर्सिंग होम बऱ्याचदा आठ-दहा खाटांची असतात. तिथे रुग्ण वॉर्डात फिरतो, कॅरम खेळतो, गटचर्चेत बसतो. शस्त्रक्रियागृह कशाला हवं? शिवाय मानसिक आरोग्य सेवा कायद्याखाली ‘मानसिक आरोग्य आस्थापना’ म्हणून स्वतंत्र नोंदणी लागते. ती झालेली आहे की नाही, हे भरती करतानाच विचारून घ्यावं. रात्री दोन वाजता हिंसक झालेल्या भावाला गाडीत घालून नेणाऱ्या माणसाला हे सुचणार नाही, म्हणून आधीच विचारून ठेवावं. जानेवारी २०२४ पासून विमा कंपन्यांच्या संघटनेने ‘कॅशलेस एव्हरीव्हेअर’ सुरू केलं, म्हणजे यादीबाहेरच्या रुग्णालयातही कॅशलेस. पण अट पुन्हा १५ खाटांचीच.

प्रमाणित वगळणुकींना कोड आहेत आणि त्यांतले दोन मनोरुग्णांना नेमके अडवतात. कोड ४ : केवळ तपासणी आणि मूल्यमापनासाठी केलेली भरती. हाडाच्या डॉक्टरला निदानासाठी एक्स-रे पुरतो. मनोविकारतज्ज्ञाकडे असं यंत्र नाही. माणूस झोपतो किती, जेवतो कसा, कुणाशी बोलतो, आवाज ऐकू येतात का, हे दहा-बारा दिवस पाहणं हेच निदान असतं. दाव्याची फाइल तपासणाऱ्याला त्यात ‘प्रत्यक्ष उपचार’ दिसत नाहीत. कोड ५ : विश्रांती, पुनर्वसन आणि देखभाल. तीव्र लक्षणं ओसरल्यावर स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला पुन्हा अंघोळ, हिशेब, बस पकडणं, काम टिकवणं शिकावं लागतं. डे-केअर केंद्रं, हाफवे होम ही त्याची ठिकाणं. तिथलं एक पैशाचं बिल निघत नाही. पुण्याच्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनसारख्या संस्था याच टप्प्यावर काम करतात. ही असोसिएशन स्थापन करणारे कॅनडातील कॅलगरीचे डॉ. जगन्नाथ वाणी यांनी सुमित्रा भावे–सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ या चित्रपटाला (२००४) पाठबळ दिलं होतं. अतुल कुलकर्णींचा शेष पाहून महाराष्ट्राला या आजाराचं नाव कळलं. विम्याला अजून त्याचा पुढचा टप्पा कळायचा आहे.

एक अपवाद मात्र कायद्याने जणू नकळत करून ठेवला आहे. ‘शॉक’, म्हणजे ईसीटी, भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय देण्यास २०१७ च्या कायद्याच्या कलम ९५ ने बंदी घातली. हेतू रुग्णाच्या रक्षणाचा. विमा नियमांत डे-केअर उपचाराची व्याख्या अशी : पूर्वी ज्याला चोवीस तासांहून अधिक भरती लागली असती, पण आता तंत्रज्ञानामुळे भूल देऊन त्याहून कमी वेळात होतो तो उपचार. भूल दिली जाते, रुग्ण काही तासांत घरी जातो; त्यामुळे ईसीटीचा दावा डे-केअरमध्ये मांडायला भक्कम आधार मिळतो. उलट भूल न देता होणारं चुंबकीय उत्तेजन, ज्याला आरटीएमएस म्हणतात, ओपीडीच्या खात्यात जाऊन पडण्याची शक्यता अधिक. कोणता उपचार रुग्णाला सोसवतो, यापेक्षा कोणत्या उपचारात भूल दिली जाते यावर पैसे ठरतात. मोतीबिंदूसाठी केलेली व्याख्या मनाला लावली की असे विनोद होतात.

कंपन्यांची बाजूही ऐकण्यासारखी आहे. विमा आकड्यांवर चालतो आणि दशकांमागून दशकं अनेक पॉलिसींमध्ये मानसिक आजार वगळलेला असल्याने त्याच्या दाव्यांचा इतिहासच तयार झाला नाही. हप्ता कशावर ठरवायचा? मोतीबिंदूचा रुग्ण त्याच दिवशी घरी जातो, मनोरुग्णालयात तीन आठवडे सहज लागतात. शिवाय भरती लांबवावी की नाही याला बाहेरून तपासता येईल असा निकष नाही. हे मुद्दे खोटे नाहीत. पण त्यांचं उत्तर दावे घेऊन माहिती जमवण्यात आहे, आणि ती जमवायला कायद्यानंतर पुरेशी वर्षं मिळाली आहेत.

अमेरिकेने हे गणित वेगळ्या पद्धतीने सोडवायचा प्रयत्न केला. ऑक्टोबर २००८ मध्ये तिथे मानसिक आरोग्य आणि व्यसन यांच्या समानतेचा कायदा झाला. त्याच्या नियमांत तुलना सहा खात्यांत करावी लागते : नेटवर्कमधील भरती, नेटवर्कबाहेरील भरती, नेटवर्कमधील ओपीडी, नेटवर्कबाहेरील ओपीडी, आपत्कालीन सेवा आणि औषधं. शारीरिक आजाराच्या ओपीडीला जी सवलत, ती मनाच्या ओपीडीलाही. तिथेही पळवाटा आहेत. विमा चालणारा थेरपिस्टच मिळत नाही, ही न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत मराठी मंडळींच्या घरांतही ऐकू येणारी तक्रार आहे. पण तुलना कुठे करायची, हे तरी तिथल्या नियमाने सांगितलं. आपल्याकडच्या एका वाक्यात ते राहून गेलं.

हिंजवडी किंवा ऐरोलीच्या कंपन्यांत काम करणाऱ्यांचं चित्र थोडं निराळं आहे. नोकरीसोबत येणाऱ्या समूह विम्यात आधीपासूनच्या आजाराचा प्रतीक्षाकाळ बहुधा माफ असतो, काही ठिकाणी समुपदेशनाची काही सत्रं मोफत असतात. तिथे अडचण भीतीची : ‘एचआरला कळेल का?’ मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २३ गोपनीयतेचा हक्क देतं. पण टीपीए, म्हणजे विमा कंपनीसाठी दावे हाताळणारी मध्यस्थ संस्था, जेव्हा पूर्ण केसपेपर आणि सत्रांच्या नोंदी मागते, तेव्हा माणसाला कलम आठवत नाही, ॲप्रेझल आठवतं. म्हणून तो स्वतःच्या खिशातून फी भरतो. नोकरी गेली की विमाही जातो, आणि मानसिक आजारात नोकरी जाण्याची वेळ नेमकी आजार बळावतो तेव्हाच येते. समूह विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय नियमांत आहे. राजीनामा देतानाच तिच्याबद्दल लेखी विचारणा केलेली बरी.

ज्यांचं निदान आधीच झालेलं आहे, त्यांना पॉलिसी मिळणं हाच पहिला डोंगर. फेब्रुवारी २०२३ मध्ये आयआरडीएआयने सर्व सर्वसाधारण आणि आरोग्य विमा कंपन्यांना अपंग व्यक्ती, एचआयव्हीबाधित आणि मानसिक आजार असलेल्या व्यक्तींसाठी खास उत्पादन उपलब्ध करून देण्यास सांगितलं. त्यामुळे ‘आमच्याकडे असं काही नाही’ हे एजंटचं उत्तर आता नियमाला धरून नाही. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्यांसाठी नॅशनल ट्रस्टची ‘निरामय’ योजना एक लाखापर्यंत संरक्षण देते आणि ओपीडी, थेरपी यांचा खर्चही तीत धरलेला आहे. हप्ता वाढेल म्हणून ओपीडी देता येत नाही, या युक्तिवादाला हे घरचंच उत्तर आहे. फक्त स्किझोफ्रेनिया किंवा द्विध्रुवी विकार त्या योजनेत बसत नाही.

दावा नाकारला गेला तर? आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार कंपनीतल्या एखाद्या टेबलावरून दावा परस्पर फेटाळता येत नाही. तो समितीसमोर जावा लागतो आणि कोणत्या अटीच्या आधारे नाकारला ते लिहून द्यावं लागतं. ते पत्र मागून घ्यायचं. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जायचं, ३० दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे. मुंबई आणि पुणे, दोन्हीकडे लोकपाल आहेत. नकार आल्यापासून वर्षाच्या आत, ५० लाखांपर्यंतच्या दाव्यासाठी, फी न भरता आणि वकील न लावता तक्रार करता येते. लोकपालाचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो. तक्रारदाराला तो पटला नाही तर ग्राहक आयोगाची वाट मोकळी राहते. तक्रारीत कलम २१(४) चा आणि १९ एप्रिल २०२१ च्या निकालाचा उल्लेख केला तर पत्राचं वजन वाढतं. भरतीची गरज का होती (आत्महत्येचा धोका, अन्नत्याग, हिंसकपणा, औषध बदलताना लागणारी देखरेख) हे डॉक्टरांनी डिस्चार्ज कार्डावर स्पष्ट लिहिलेलं असलं तर कोड ४ चा अडथळा बराच हलका होतो. आत्महत्येचा प्रयत्न लपवण्याची आता गरज नाही. २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ नुसार असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरलं जातं आणि त्याला शिक्षा होत नाही. जुन्या पॉलिसीतलं ‘स्वतःला केलेली इजा’ हे कलम पुढे करून कंपनीने नकार दिला, तर याच मुद्द्यावर भांडता येतं. आणि ज्याला आत्ता, या क्षणी कुणाशी बोलायचं आहे त्याने विम्याची वाट पाहू नये. १४४१६ हा सरकारी टेलिमानसचा क्रमांक रात्रंदिवस मोफत आहे, मराठीतही.

या सगळ्या लढ्यात एक आजार मात्र दाराबाहेरच राहिला आहे. कोड १२ : दारू, मादक पदार्थ किंवा कोणतंही व्यसन आणि त्याचे परिणाम यांवरील उपचार. आजही पॉलिसींमध्ये हा कोड छापलेला दिसतो. १९८६ च्या यादीतला नैतिक निवाडा इथे जसाच्या तसा टिकून आहे. गंमत अशी की २०१७ च्या कायद्याने मानसिक आजाराची व्याख्या करताना दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक स्थिती त्यात स्पष्टपणे धरल्या आहेत. म्हणजे कायदा ज्याला मानसिक आजार म्हणतो आणि समान पायावर विमा द्या म्हणतो, त्याच आजाराला पॉलिसी नाव घेऊन वगळते.

महाराष्ट्राला या प्रश्नाची चांगली ओळख आहे. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पुलं व सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण सुरू केलं. मेडिक्लेमही त्याच वर्षीचा. व्यसन हा आजार आहे, त्यावर उपचार होतात आणि तो उलटूही शकतो, हे मुक्तांगणने हजारो कुटुंबांना पटवलं. त्या कुटुंबांच्या पॉलिसीत मात्र व्यसनाला आजार म्हणून जागा नाही.

प्रत्यक्षात नैराश्य आणि दारू एकाच माणसात इतकी गुंतलेली असतात की आधी काय आलं, हे रुग्णालाही सांगता येत नाही. डिस्चार्ज कार्डावर दोन निदानं असतात. पहिल्या क्रमांकावर नैराश्य असेल तर दावा पुढे सरकण्याची आशा असते; दारू असेल तर कोड १२ समोर उभा राहतो. त्यामुळे नातेवाईक डॉक्टरांना क्रम बदलायची विनंती करतात आणि डॉक्टर कधी हो म्हणतात, कधी नाही. कोड १२ आणि कायद्याची व्याख्या यांतलं काय वरचढ, हे ठरवायला नियामकाला एक परिपत्रक पुरेल.